यंत्राच्या वहीत बाईचं खातं

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या मांडणीचा हा मजकूर. चर्चेच्या सोयीसाठी मध्ये उपशीर्षकं घातली आहेत. – संपादक)



आजच्या सत्राचा विषय कळल्यावर काही जणींनी मला विचारलं, "हा आपला विषय आहे का? कृत्रिम बुद्धिमत्ता, डेटा मायनिंग हे कंपन्यांचे आणि इंजिनियर लोकांचे उद्योग. आपल्याकडे पोटगीच्या केसेस पडून आहेत, रेशनचे प्रश्न आहेत." प्रश्न रास्त आहे. मी कॉम्प्युटरची तज्ज्ञ नाही. समाजकार्याचं शिक्षण घेतलं आणि तेव्हापासून वस्तीपातळीवर काम करते आहे. पण केंद्रावर येणाऱ्या बायका आपली तक्रार ज्या शब्दांत सांगतात, ते शब्द गेल्या काही वर्षांत बदलले आहेत. पूर्वी बाई सांगायची, "सुपरवायझरनं काढून टाकलं," "बँकेतल्या साहेबानं परत पाठवलं." आता सांगते, "ॲपनं आयडी बंद केला," "सिस्टिम घेत नाही म्हणाले." आधीच्या वाक्यात एक माणूस होता. त्याचं नाव घेता येत होतं, त्याच्या दारात मोर्चा नेता येत होता. आताच्या वाक्यात कर्ताच नाही. हा हरवलेला कर्ता शोधणं, हा माझ्या मते आपलाच विषय आहे.

बचत गटाच्या वहीपासून

डेटा मायनिंग म्हणजे काय, ते आपल्या ओळखीच्या वस्तूवरून पाहू. बचत गटाची वही आपण सगळ्यांनी हाताळली आहे. नाव, हप्ता, तारीख, थकबाकी. दहा वर्षांच्या वह्या एकत्र मांडून बसलं तर काही गोष्टी आपोआप दिसतात. जून महिन्यात हप्ते जास्त चुकतात, कारण शाळा उघडतात आणि पेरणीचा खर्चही तेव्हाच असतो. शिलाई मशीनसाठी घेतलेलं कर्ज लवकर फिटतं, लग्नासाठी घेतलेलं रेंगाळतं. नोंदींच्या ढिगातून अशा खुणा शोधून काढणं म्हणजे डेटा मायनिंग. आपण शेकडा नोंदी वाचू शकतो, कॉम्प्युटर कोट्यवधी वाचतो, एवढाच पहिला फरक. त्या खुणांवरून "पुढे कोणाचा हप्ता चुकेल" याचा अंदाज बांधायला यंत्राला शिकवलं की त्याला आज कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. नाव भारदस्त आहे. उद्योगधंद्यात ती वापरतात तेव्हा बहुतेक वेळा आत असतो तो असा अंदाजच.

उद्योगांना हे कशाला हवं? कोणता माल किती भरायचा, कोणतं यंत्र कधी बिघडेल, हे ठरवायला. त्याला आपला विरोध असायचं कारण नाही. गिरणीतलं बेअरिंग कधी झिजणार हे आधी कळलं तर अपघात टळेल, कामगाराचा हात वाचेल. पण त्याच पद्धतीनं जेव्हा कोणाला नोकरीवर घ्यायचं, कोणाला कर्ज द्यायचं, कोणाला आज काम द्यायचं आणि किती दराने, हे ठरू लागतं, तेव्हा गोष्ट बदलते. बेअरिंगवर कोणी पिढ्यान्‌पिढ्या अन्याय केलेला नसतो. त्याच्या नोंदीत त्याची झीज तेवढी असते. बाईच्या नोंदीत तिच्याशी समाज कसा वागला तेही असतं.

आता दुसरा फरक पाहा. गटाच्या वहीत एखादीच्या नावापुढे तीन चौकटी रिकाम्या असल्या, तर बैठकीत कोणीतरी बोलतं, "अगं, तिच्या नवऱ्याचा अपघात झाला होता, ती दवाखान्यात होती." मग गट ठरवतो. वही पुरावा देते, निर्णय बैठक घेते. यंत्राच्या व्यवस्थेत वहीच निर्णय देते. बैठक होतच नाही. माझं आजचं सगळं म्हणणं या एका फरकाभोवती आहे.

जुन्या भरतीतून शिकलेलं यंत्र

२०१८ च्या ऑक्टोबरमध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेनं ॲमेझॉन कंपनीबद्दल एक बातमी दिली. नोकरीसाठी येणारे हजारो अर्ज चाळायला कंपनीनं २०१४ पासून एक यंत्रणा तयार करायला घेतली होती. ग्राहक वस्तूंना तारे देतात तसे ही यंत्रणा उमेदवारांना एक ते पाच तारे देई. तिला शिकवलं कशावर? आधीच्या दहा वर्षांत कंपनीकडे आलेल्या अर्जांवर. तांत्रिक कामांसाठीचे बहुतेक अर्ज पुरुषांचे होते. यंत्रानं त्यातून जो धडा घ्यायचा तो घेतला. अर्जात 'महिला' असा शब्द आला, समजा 'महिला बुद्धिबळ क्लबची कॅप्टन', की गुण कमी. मुलींच्या दोन कॉलेजांतून पदवी घेतलेल्यांनाही गुण कमी. पुरुष उमेदवार आपल्या अर्जात जास्त वापरतात अशा जोरकस क्रियापदांना मात्र झुकतं माप.

२०१५ पर्यंत कंपनीच्या हे लक्षात आलं. ते शब्द दुर्लक्षित करण्याची सूचना यंत्राला दिली गेली. पण ते दुसऱ्या कुठल्या वाटेनं पुन्हा तिथेच पोचणार नाही, याची खात्री कोणी देऊ शकलं नाही. शेवटी २०१७ च्या सुरुवातीला त्या गटाचं काम थांबवण्यात आलं. भरती करणाऱ्यांनी उमेदवार पारखायला ही यंत्रणा कधी वापरली नाही, असं कंपनीनं सांगितलं.

या प्रकरणात कोणी खलनायक नाही, हे नीट लक्षात घ्या. "बायकांना घेऊ नका" असं त्या यंत्राला कोणी सांगितलं नव्हतं. आजवर कोण घेतले गेले एवढंच दाखवलं होतं. पितृसत्ता म्हणजे काही दुष्ट पुरुषांचं कारस्थान नव्हे, ती रोजच्या व्यवहारात मुरलेली व्यवस्था आहे, हे आपण शिबिरा-शिबिरांतून सांगत आलो. या यंत्रानं ते आपल्यापेक्षा स्वच्छ सिद्ध करून दाखवलं. कालच्या भरतीतला पक्षपात त्यानं उद्याच्या भरतीचा नियम केला, तोही आकड्यांच्या रूपात; आणि आकड्याशी वाद घालायला माणूस कचरतो.

आपल्याकडे बाईच्या नोकरीच्या नोंदी कशा दिसतात? बाळंतपणानंतर दोन-तीन वर्षांचा खंड. सासूच्या आजारपणात सोडलेली नोकरी. नवऱ्याची बदली झाली म्हणून बदललेलं गाव. सलग नोकरी करणारा माणूस चांगला, असं शिकलेल्या यंत्राला यात फक्त अस्थिरपणा दिसेल. त्या खंडात तिनं केलेलं काम कुठल्याच वहीत लिहिलेलं नाही. घरकाम मोजलं जात नाही, ही आपली जुनी तक्रार. त्या न मोजण्याची किंमत आता तिच्या अर्जातून वसूल होणार आहे.

न सांगता काढलेली माहिती

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्याच टार्गेट नावाच्या दुकानसाखळीचं. २०१२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं ते सविस्तर छापलं. घरात मूल येणार असलं की कुटुंबाच्या खरेदीच्या सवयी बदलतात, म्हणून त्या बायका आधीच ओळखता आल्या तर धंद्याचा फायदा. कंपनीच्या संख्याशास्त्रज्ञानं सुमारे पंचवीस वस्तू निवडल्या. वास नसलेलं लोशन, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि झिंकच्या गोळ्या, अशा साध्या वस्तू. त्यांच्या खरेदीवरून ग्राहक बाई गरोदर असण्याची शक्यता किती, याचा गुण काढला जाई आणि बाळंतपण कधी होईल याचाही अंदाज बांधला जाई. आपल्यावर पाळत आहे हे बायकांना जाणवलं तर त्या बिथरतील, म्हणून बाळाच्या कपड्यांच्या कूपनाशेजारी मुद्दाम वाइनच्या ग्लासांचं कूपन छापलं जाई, लंगोटांच्या जाहिरातीशेजारी गवत कापायच्या यंत्राची.

यात बाईला कोणी काही विचारलं नव्हतं आणि तिनंही काही सांगितलं नव्हतं. तरी तिच्या शरीराची बातमी, कदाचित तिनं घरात सांगायच्या आधी, दुकानाला कळली. संमती या शब्दासाठी आपण किती वर्षं झगडतो आहोत! इथे संमतीचा प्रश्नच चतुराईनं टाळला गेला, कारण माहिती 'घेतली' नव्हती, 'काढली' होती.

अशा आडवाटेच्या खुणा सगळीकडे असतात. अर्जातून 'स्त्री की पुरुष' हा रकाना काढला तरी कॉलेजच्या नावावरून कळतं. जात विचारली नाही तरी आडनाव आणि पिनकोड बोलतात. "आमचं यंत्र लिंग, जात पाहतच नाही" असं कोणी म्हणालं, की "मग काय पाहतं?" हा आपला पुढचा प्रश्न असायला हवा.

इथे मला आपल्याच चळवळीच्या एका लढ्याची आठवण करून द्यायची आहे. गर्भजलपरीक्षेविरुद्ध मुंबईतल्या गटांनी १९८० च्या दशकात आवाज उठवला तेव्हा उत्तर मिळायचं, तंत्रज्ञान तटस्थ असतं, गैरवापर माणसं करतात. आपण ते ऐकून गप्प बसलो नाही. विषम समाजात आलेलं तंत्र विषमतेच्याच उताराला लागतं, असं ठामपणे मांडलं. त्यातून १९८८ मध्ये महाराष्ट्रात देशातला पहिला कायदा झाला आणि १९९४ मध्ये केंद्राचा. त्या बायका काही रेडिओलॉजिस्ट नव्हत्या. यंत्राची रचना पूर्ण कळल्याशिवाय बोलायचं नाही, असं ठरवलं असतं तर त्या आजही बोलल्या नसत्या.

वहीत नावच नाही

पण प्रश्न फक्त चुकीच्या नोंदीचा नाही. नोंद नसण्याचाही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, भारतातल्या ३३.३ टक्के स्त्रियांनी कधीतरी इंटरनेट वापरल्याचं सांगितलं. पुरुषांत हे प्रमाण ५७.१ टक्के होतं. त्याच पाहणीत जेमतेम ५४ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरता येईल असा मोबाइल होता. मोबाइलवरच्या व्यवहारावरून पत ठरवायची म्हटलं, तर निम्म्या बायका मुळातच वहीच्या बाहेर. सातबाऱ्यावर नाव नाही, घर नवऱ्याच्या नावावर, वीजबिल सासऱ्याच्या नावावर. बाई वर्षानुवर्षं बिल भरते, पत मात्र सासऱ्याची वाढते.

हे गरीब देशाचंच दुखणं आहे असं नाही. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत ॲपल कंपनीच्या क्रेडिट कार्डावरून गदारोळ झाला. एकत्र करविवरण भरणाऱ्या जोडप्यातल्या नवऱ्याला बायकोच्या वीसपट मर्यादा मिळाली, असं त्या नवऱ्यानंच जाहीर केलं. न्यूयॉर्क राज्याच्या वित्त खात्यानं चौकशी केली आणि २०२१ मध्ये अहवाल दिला की बेकायदा भेदभाव आढळला नाही. प्रत्येकाची पत स्वतंत्र पाहिली गेली होती. नवऱ्याच्या कार्डावर केवळ वापराची परवानगी असलेल्या बाईची पत नवऱ्याइतकी धरली जात नाही, हे अनेकांना माहीतच नव्हतं. म्हणजे यंत्रानं कायदा मोडला नाही. संसार दोघांचा आणि खातं एकाचं, ही जुनी रीत त्यानं तशीच वाचली. ही गोष्ट मला पक्षपाती यंत्रापेक्षा जास्त काळजीची वाटते, कारण इथे तक्रार नोंदवायला कलम सापडत नाही.

ताऱ्यांवरची मजुरी

आता आपल्या देशात, आपल्या काळात या. घरोघरी जाऊन ब्यूटिशियनचं काम करणाऱ्या बायका आज ॲपला बांधलेल्या आहेत. आधी पार्लरची मालकीण होती. आता कोणाला कोणतं लीड जाईल, किती कमिशन कापलं जाईल, किती रेटिंगखाली आयडी बंद होईल, हे कंपनीनं ठरवलेल्या नियमांनी यंत्र अमलात आणतं. पावसात रिक्षा मिळाली नाही, मूल तापानं फणफणलं म्हणून लीड रद्द केलं, ग्राहकानं अंगलट यायचा प्रयत्न केला म्हणून बाई काम अर्धं टाकून निघाली. यंत्राच्या वहीत हे तिन्ही 'रद्द' या एकाच रकान्यात पडू शकतं. तिसऱ्या प्रसंगाला आपण लैंगिक छळ म्हणतो. वहीत तो बाईचा कामचुकारपणा म्हणून लागू शकतो.

२०२१ च्या ऑक्टोबरमध्ये गुरुग्राममध्ये अर्बन कंपनीच्या कार्यालयाबाहेर शंभराहून अधिक कामगार स्त्रिया जमल्या. जास्तीचं कमिशन, दंड, रेटिंगची जाचक पद्धत हे त्यांचे मुद्दे होते. त्यानंतर कंपनीनं कमिशन आणि दंड कमी करण्याची घोषणा केली. डिसेंबरमध्ये नव्या योजनेविरुद्ध बायका पुन्हा बसल्या, तेव्हा निदर्शनं थांबवावीत म्हणून कंपनी त्यांच्याविरुद्ध कोर्टात गेली. मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. प्रत्येक बाईला आपल्या मोबाइलवर आपलंच रेटिंग दिसत होतं. त्या एकत्र बसल्या, एकमेकींचे मोबाइल पाहिले, तेव्हा 'माझी चूक' ही 'आपली तक्रार' झाली. आपल्या चळवळीची सुरुवात अशीच झाली होती, बायकांनी एकत्र बसून आपापलं सांगण्यातून.

माणूस तरी कुठे न्यायी होता?

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. माणूस साहेब तरी कुठे न्यायी होता? मुलाखतीत "लग्न कधी करणार?" विचारणारा तोच, आणि कर्जासाठी नवऱ्याची सही मागणाराही तोच. खरं आहे. जुन्या साहेबाची आरती ओवाळायला आपण इथे जमलेलो नाही. उलट, यंत्राच्या बाजूनं एक गोष्ट सांगायला हवी. साहेबाच्या मनातला पक्षपात मोजता येत नव्हता, यंत्राचा मोजता येतो. ॲमेझॉनमधला पक्षपात उघड झाला तो तपासता आला म्हणूनच.

२०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोन कृष्णवर्णीय संशोधक स्त्रियांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन कंपन्यांच्या यंत्रणा तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. आकडे प्रसिद्ध झाल्यावर कंपन्यांना आपल्या यंत्रणा सुधाराव्या लागल्या. मोजणं हे आपलंही हत्यार होऊ शकतं. पण त्यासाठी दोन गोष्टी लागतात: मोजण्याची परवानगी, आणि उत्तर द्यायला बांधलेला माणूस. आज आपल्याकडे दोन्ही कमी आहेत.

कायदा कुठवर येतो

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. आपली माहिती काय आहे ते विचारण्याचा, चूक असल्यास दुरुस्त करून घेण्याचा हक्क त्यात आहे. पण यंत्रानं घेतलेल्या निर्णयाचं कारण मागण्याचा वेगळा हक्क नाही. भरतीत लिंगभेद करू नये हे १९७६ च्या समान वेतन कायद्यात होतं, आता ते वेतन संहितेत आहे. कायदा आहे, पण भेद झाला हे दाखवायचं तर यंत्राच्या पोटात काय आहे ते कळायला हवं.

इतरांनी काही वाटा काढल्या आहेत. स्पेननं २०२१ मध्ये कायदा करून, कामाच्या अटींवर परिणाम करणारं यंत्र कोणत्या निकषांवर चालतं ते कामगारांच्या प्रतिनिधींना सांगणं कंपन्यांना बंधनकारक केलं. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्यात भरती आणि पत ठरवणाऱ्या यंत्रणा जास्त जोखमीच्या गटात घातल्या आहेत. आपल्या शेजारी कर्नाटकात २०२५ मध्ये ॲपवरच्या कामगारांसाठी झालेल्या कायद्यात, काम बंद करण्याआधी लेखी कारण आणि चौदा दिवसांची सूचना देण्याची तरतूद आहे. म्हणजे आपण अशक्य काही मागत नाही.

मग आपण काय करायचं? मी चार गोष्टी सुचवते.

एक, केंद्रावर येणाऱ्या प्रत्येक केसच्या कागदावर एक रकाना वाढवा: निर्णय कोणी दिला, माणसानं की यंत्रानं? ॲपवरचा निरोप, तारीख, रेटिंग, सगळ्याचा फोटो काढून ठेवायला सांगा. आयडी बंद झाला की हे बाईला परत दिसतंच असं नाही. आपली वही आपणच लिहायला हवी.

दोन, कर्ज नाकारलं गेलं तर स्वतःचा पतअहवाल मागवा. पतमापन कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. फिटलेलं कर्ज थकीत दिसतंय का, दुसऱ्याच बाईचं कर्ज आपल्या नावावर लागलंय का, ते तपासा.

तीन, कामगार संघटनांशी बोला. त्यांच्या मागणीपत्रात बोनस आणि पाळीबरोबर हेही यायला हवं: निकष जाहीर करा, स्त्री-पुरुषांचे वेगवेगळे आकडे द्या, आणि छळामुळे सोडलेलं काम 'रद्द' मध्ये धरू नका.

चार, आणि ही सगळ्यात साधी मागणी आहे. निर्णय यंत्रानं सुचवला तरी त्याखाली नाव आणि पत्ता असलेल्या माणसाची सही हवी, आणि बाईला त्याच्यासमोर बसून आपलं म्हणणं मांडता यायला हवं. बचत गटाच्या बैठकीत निरक्षर बाईलाही जो हक्क आहे, तो मोठ्या कंपनीच्या दारात तिला नाकारला जाऊ नये.

चर्चेसाठी एक प्रश्न देऊन थांबते. तुमच्या गटातल्या किती जणींचं काम, कर्ज किंवा नोकरी गेल्या वर्षभरात कोणीही माणूस समोर न येता थांबली? पुढच्या बैठकीत एवढीच मोजणी करून या. मग पुढचं बोलू.